एका खाटेपाशी तीन उत्तरं

माय, आज मी वॉर्डात विद्यार्थ्यांवर इतकी ओरडले की शेजारच्या वॉर्डातल्या पेशंटांचे नातेवाईक दारात येऊन उभे राहिले. कोणाला सांगावं कळेना, म्हणून तुला लिहितेय.

तुझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी बारावीत होते. सोनगीरच्या घरात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापून तू चुलीपुढून उठलीस आणि ओल्या फरशीवर पडलीस. धुळ्याला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी ताई आली, वॉकर धरून तुला उभं केलं, म्हणाली, रोज चालायचं. ती गेली आणि सिस्टर धावत आल्या. "कोणी सांगितलं उठायला? टाके तुटले तर कोण बघणार?" संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. "सगळं ठीक ना?" म्हणाले आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या खाटेकडे वळले. मी तोंड उघडलं तर तू माझा हात दाबलास. "त्यासले राग यी. तू चूप बस." मग हळूच मलाच विचारलंस, "हाई म्हने ऊठ, ती म्हने नीज. मी कोनं ऐकू?"

तू सिस्टरांचं ऐकलंस, कारण त्या जास्त वेळा यायच्या. व्यायामाची ताई दिसली की तू डोळे मिटून घ्यायचीस. "पेशंट तयार नाही," असं म्हणून तिने यायचंच सोडलं. पोटरी सुजली. सिस्टरांनी ती पाहिली, पण त्यांना वाटलं डॉक्टरांना ठाऊक असेल. एका सकाळी तुला श्वास घेता येईना आणि तू गेलीस. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं नंतर कळलं. तिघांतलं कोणी वाईट नव्हतं. तिघं एकमेकांशी बोलत नव्हती, एवढंच. या 'एवढंच'चा राग तेव्हापासून माझ्या अंगात आहे.

आता मी धुळ्यातच एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते. डॉक्टर, नर्स, फिजिओ होणाऱ्या मुलांना एकाच खाटेपाशी एकत्र शिकवा, म्हणून किती भांडले! "मॅडम, नर्सिंगच्या मुलींना आमच्या राउंडला उभं करून काय साधणार? नुसती गर्दी होईल," हाडांच्या विभागाचे प्रमुख म्हणायचे. मी रोज त्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसायला लागले, तेव्हा कुठे कंटाळून हो म्हणाले.

आज पहिला तास. पिंपळनेरकडची एक आजी, ऑपरेशन तुझ्यासारखंच. डॉक्टर होणारी मुलं उशाशी, माझे विद्यार्थी पायथ्याशी, नर्सिंगच्या मुली भिंतीला चिकटून. आजीने विचारलं, "भाऊ, मी ऊठू का नको?" उशाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, उठा. नर्सिंगची मुलगी म्हणाली, ड्रेसिंग होईपर्यंत नको. माझीच एक विद्यार्थिनी म्हणाली, आधी पलंगावरच व्यायाम करू. आजी तिघांकडे बघत राहिली आणि हसून म्हणाली, "बठ्ठासनं बरोबर शे." म्हणे सगळ्यांचंच बरोबर! अगदी तुझंच हसू. तिथे माझं डोकं फिरलं. "बाहेर व्हा! एक उत्तर ठरवल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही!"

व्हरांड्यात तो मुलगा पुटपुटला, "शेवटी सर सांगतील तेच होणार." नर्सिंगची मुलगी उसळली, "सर दिवसभर इथे थांबणार आहेत का? जखम ओली आहे, पाहिलीय तुम्ही?" त्याने पाहिली नव्हती. मी त्याला आत पाठवलं. तो पाहून आला, त्याने वरिष्ठ डॉक्टरांना विचारलं, मग माझ्या विद्यार्थिनीशी बोलला. आधी ड्रेसिंग, मग उभं करायचं, दोघांनी दोन बाजूंनी धरून. टपरीवरून आलेला चहा निवायच्या आत ठरलंसुद्धा. आजी दारापर्यंत चालली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. इतकं सोपं होतं, माय? चहा निवायच्या आत होण्याएवढं?

आणि मी तुझ्यावरही रागावलेय. मला चूप बसवलंस ते बसवलंस, पण तू तरी एकदा ओरडायचं होतंस, की आधी आपसात ठरवा, मग माझ्याकडे या.

हे कुठे पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. दर वर्षी नव्या मुलांना मी तुझं सगळं सांगते, पण 'एक पेशंट होती' असं म्हणून. ती माझी आई होती, हे अजून तोंडातून निघत नाही.