रंगखान्यातल्या दोऱ्या

३ तारीख, सोमवार
माझी दोरी कापली! सुरीनं, मधोमध. धुतलेल्या चादरी चिखलात. आम्ही सूत रंगवायचो तो रंगखाना बंद पडला तेव्हापासून वस्तीतल्या आम्ही बायका तिथंच कपडे वाळवतो. आता म्हणे तिथं सगळ्यांसाठी मोकळी जागा होणार. मग आम्ही सगळ्यांत नाही?
राखणदार म्हणाला, "आजी, माझ्यावर कशाला डाफरता? वरून हुकूम आलाय."
वर कोण बसलंय? देव?

४ तारीख
कपडे खोलीतच टांगले. एकुलती एक खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. भिंतीला पाणी सुटलं. सुनेचा दमा उसळला. छाती शिट्टी वाजवतेय आणि मला सांगते, "आई, भांडू नका."
भांडणार!

६ तारीख
हुकूम नातीचा निघाला. त्या जागेचे नकाशे काढणारा साहेब आहे ना, ती त्याच्याकडेच कामाला. रोज माझ्या हातचं गिळते आणि एक शब्द नाही! विचारलं तर म्हणते, "आजी, उद्घाटनाला फोटो काढणार गं. दोऱ्या बऱ्या दिसत नाहीत."
म्हटलं, "आणि तुझी आई धापा टाकताना बरी दिसते?"
ताट सारून उठली. उठू दे.

९ तारीख
आत जाऊन बघून आले. बाकं, कुंड्या, गुळगुळीत फरशी. छान केलंय, खोटं कशाला बोलू. भिंतीवर भलामोठा जुना फोटो — आम्ही बायका रंगवलेलं सूत दोरीवर टाकतोय. डावीकडची मी, तेव्हा कंबर होती मला! म्हणजे भिंतीवर वाळत घातलेलं चालतं, खाली चालत नाही.
राखणदाराला म्हटलं, "हिलाही उतरव की. हीपण बरी दिसत नाही."
फसकन हसला. मग साहेब आठवला असणार, तोंड मिटलं.

१० तारीख
उद्या उद्घाटन. बायकांना सांगितलंय — कपडे भिजवा, बादल्या भरा, दोऱ्या मी आणते. शेजारीण म्हणते, "आणि त्यांनी ओढून काढले तर?"
"ओली गोधडी ओढून बघू दे. खांदा निखळेल मेल्यांचा."

११ तारीख
पोचलो तर दोऱ्या आधीच बांधलेल्या! नव्याकोऱ्या, या खांबापासून त्या खांबापर्यंत. गाठ बघितली आणि ओळखली. नात लहानपणी झग्याच्या नाडीला हीच मारायची, मला दातांनी सोडवावी लागायची.
चादरी टाकल्या. पाहुणे वाकून वाकून आत आले. साहेब लालबुंद — "कुणी बांधल्या?" नात त्याच्या शेजारीच, मान खाली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. 'मी' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.
उद्या साहेब सगळ्यांना बोलावून पुन्हा विचारणार आहे. बायकांना बजावलंय — कुणी मधे पडायचं नाही, मीही नाही. गाठ जिची, उत्तर तिनंच द्यायचं.