योगराजशेठच्या जागी

४ मे, शनिवार

आलो एकदाचा सुरतेला! शिरपूरहून निघालेली बस सोनगढला पाऊण तास पडून होती. तिथे एक माणूस भेटला, तो फक्त घंट्या विकतो. बैलांच्या, देवळातल्या, सायकलच्या. दुसरं काही नाही. म्हणाला, घंटा कधी शिळी होत नाही. अशी माणसं भेटतात म्हणून मला घरी बसवत नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून कुठेच चार महिन्यांच्या वर टिकलो नाही. मनालीला ढाब्यावर, कांडल्याला बंदरात, मग ट्रकवर. डोकं बेताचं, पण पाय एक नंबर. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असू दे. तेवढीच माझी इस्टेट.

शोभा मावशी लिंबायतहून रोज कामरेजकडच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला येते. हे काम तिनेच लावून दिलं. मालक योगराजशेठ, पलसाण्याला त्यांचं कापड रंगवायचं युनिट. बायको सुषमावहिनी. दोघं मूळचे आपल्याच खान्देशातले, शेठचा जन्म तर मावशीच्या लिंबायतच्या गल्लीतला, बाप लूम चालवायचा. उद्या दोघं स्कॉटलंडला निघालेत. कशाला, तर चालायला! मी दोनदा विचारलं. हो, चालायलाच. विमानाने जायचं आणि तिथे अठरा दिवस डोंगरातून पायी फिरायचं. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, आपल्याकडे माणूस पायी दिसला तर लोक विचारतात बस चुकली का.

माझं काम सोपं. घर राखायचं, कुंड्यांना पाणी घालायचं आणि रोज सकाळी शेठची सायकल चालवायची. त्यांचा सायकलवाल्यांचा क्लब आहे, डॉक्टर, वकील, हिरेवाले. शंभर दिवस रोज वीस किलोमीटर, एकही खाडा नाही, अशी पैज लागलीय. शेठचे एकाहत्तर झाले. पुढचे दिवस त्यांचं घड्याळ मनगटावर बांधून मी चालवायची, नोंद त्यांच्या नावावर. घड्याळात उमटणारा नकाशा लपवता येतो म्हणे. क्लबला सांगितलंय की तिकडे भाड्याची सायकल घेतोय.

मला हसू आलं. मोठ्या लोकांची गंमतच वेगळी.

५ मे, रविवार

गेले दोघं. गाडीत बसण्याआधी शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मावशीकडे बघून मोठ्याने म्हणाले की हा लखन आजपासून माझ्या जागी. मी म्हटलं, बरं. मावशीच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला.

बंगला मस्त. पंख्याला पण रिमोट.

८ मे, बुधवार

सायकल आहे की वारा! दोन बोटांनी उचलते. साडेपाचला निघतो, कालव्याच्या कडेने, दोन्हीकडे ऊस. परवा एका ऊसतोडवाल्याच्या पोराने शर्यत लावली, मी मुद्दाम हरलो. काल लोचो खाल्ला, ढोकळ्याचा मऊ सुरती भाऊ, वर तेल आणि शेव, पानावर घेऊन उभं राहूनच खायचा. त्या हातगाडीवाल्याची बायको परभणीची निघाली. तिने तासभर तिच्या सासूची गाऱ्हाणी सांगितली. सासू म्हणे कुकरच्या शिट्ट्या मोजते. घरी यायला दहा वाजले. घड्याळाला काय, किलोमीटर भरले की झालं.

वहिनींचे फोटो येतात, क्लबच्या ग्रुपवरचं पण त्या पुढे पाठवतात. हिरवे डोंगर, दगडी कुंपणं, काळ्या तोंडाच्या मेंढ्या. शेठनी क्लबच्या ग्रुपवर लिहिलं, सायकलसोबत चोवीस किलोमीटर चालणं, थकवा शून्य. खाली अंगठ्यांची रांग.

१० मे, शुक्रवार

टाचेला फोड आलाय. सायकलीने टाचेला फोड येतो का? दोन्ही टाचांना आला. डाव्या करंगळीला पण. असा फोड मला एकदाच आला होता, मनालीत दुसऱ्याचे बूट घालून रोहतांगकडे चढलो होतो तेव्हा.

दुपारी दीडपर्यंत काही नव्हतं. मी सोफ्यावर आडवा होतो, भेळ खात होतो. दीडला पोटऱ्या भरायला लागल्या. जसा चढ चढतोय.

१२ मे, रविवार

रोज दीड वाजता. एक मिनिट इकडेतिकडे नाही. रात्री नऊच्या पुढे थांबतं. मी पलंगावर पडलेला असतो आणि मांड्या फाटत असतात. आज नडग्यांवर ओरखडे उठले, काटेरी झुडपातून गेल्यासारखे. चादर रक्ताने भरली. बंगल्यात काटा म्हणून नाही, गुलाबसुद्धा प्लॅस्टिकचे.

वहिनींना फोन केला तेव्हा सहज विचारलं, तुम्ही किती वाजता निघता. म्हणाल्या, नाश्ता करून नऊला. मी म्हटलं तिकडचे नऊ म्हणजे इकडचे किती. त्यांनी मोजून सांगितलं. दीड.

आणि संध्याकाळी शेठचा फोटो ग्रुपवर. हॉटेलची पांढरी गादी, त्यावर त्याचे उघडे पाय. टाचा लोण्यासारख्या. लिहिलंय, सहा दिवस, एकशे चाळीस किलोमीटर, आणि पाय बघा! एका डॉक्टरने विचारलं, कुठलं मलम? याने हसणारं तोंड पाठवलं.

मी फोन भिंतीवर मारणार होतो. माझाच होता म्हणून ठेवला.

१३ मे, सोमवार

घड्याळ काढून खणात टाकलं. सायकलला हात लावला नाही. खाडा तर खाडा. दीड वाजला. काही फरक नाही. म्हणजे घड्याळाचा खेळ नाही हा.

मावशीने पाय बघितले आणि पोळपाट तसाच ठेवून मला रिक्षात घातलं.

१४ मे, मंगळवार. लिंबायत

मावशीच्या खोलीत आहे. खालच्या मजल्यावर लूम चालतात, जमीन थरथरते, तेवढंच बरं वाटतं, पाय सुन्न होतात.

हिलाल काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, सगळं दोनदा सांगायला लावलं. काका पंचेचाळीस वर्षं लूमवर. बारा-बारा तास उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी झाल्यात. त्यांनी एकच विचारलं, कितला दिन? किती दिवसांची बदली?

मला कळलं नाही. तेव्हा सांगितलं. कारागीर गावी जातो तेव्हा आपल्या लूमवर बदली माणूस लावतो. खांद्यावर हात ठेवून, तिसऱ्याच्या देखत बोलायचं, हा माझ्या जागी. आणि लगेच मुदत बोलायची, अमुक पाळ्या. मुदत बोलल्याशिवाय बदलीने बरं म्हणायचं नाही. मुदत नसेल तर ज्याने लावलं त्यानेच सुटलास म्हणावं लागतं, दुसऱ्या कोणाच्या म्हणण्याने सुटत नाही. त्यांच्या खात्यात एकाने असंच बरं म्हटलं होतं. गावी गेलेला बाजेवर पडून जाडा होत गेला आणि इथे बदली उभ्या उभ्या वाळला.

मावशी रडायला लागली की तिला तेव्हाच खटकलं होतं, पण मोठ्या माणसाला टोकायचं कसं. काका तिच्यावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, तू येडा शे, कोणी जागा दिली की बसायचं नसतं. मग म्हणाले की योगराजचा बाप माझ्या शेजारच्या लूमवर होता. पोरगा दुपारी डबा घेऊन यायचा, सगळं बघितलंय त्याने. त्याला मुदत बोलायची असते हे माहीत नाही असं होणारच नाही.

हे मी परत लिहितो. त्याला माहीत होतं.

१५ मे, बुधवार

लावला फोन. तो नाश्त्याला बसला होता, चमच्यांचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, नाही म्हणेल, वेड्यात काढेल. नाही. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, फोड किती मोठे आहेत?

म्हणाला की दोन वर्षं गुडघ्यांत सुया घेतोय, बंगल्याचा जिना चढायची चोरी झाली होती. म्हणाला, काल एका दमात डोंगर चढलो आणि लहान मुलासारखा रडलो. हे तुला कळायचं नाही, तू तरणा आहेस, तुझे पाय भरून येतील. मी म्हटलं, मुदत बोला. म्हणाला, बघू. म्हटलं, अठरा दिवस तरी बोला. म्हणाला, तिकिटं पुढे ढकलतोय. आणि शेवटी प्रेमाने म्हणाला की आलो की तुला चांगले बूट घेऊन देईन.

बूट!

रंगवायला माणूस, राखायला माणूस, रांधायला माणूस, पैज जिंकायला माणूस. आता दमायलासुद्धा माणूस पाहिजे यांना. पन्नाशीत हौस आली चालायची, तर चाल की स्वतःच्या पायांनी! दुखलं तर बस खाली. सगळी दुनिया बसते.

मी शिव्या दिल्या. लिहीत नाही, मावशी वाचेल. त्याने मध्येच फोन ठेवला नाही, पूर्ण ऐकल्या. मग म्हणाला, निघायची वेळ झाली. दीड वाजला होता.

१७ मे, शुक्रवार

पळालो होतो. काठी टेकत कडोदऱ्यापर्यंत रिक्षा, तिथून नवापूरची बस. खिडकीत बसलो तर बरं वाटलं, वारा, रस्ता, आपलं जुनं. बारडोलीला दीड वाजला. डावा घोटा कडकन वाजला. बसमधल्या लोकांनी वळून बघितलं, एवढा आवाज. मी ओरडलो ते आठवतं. कंडक्टरने उतरवलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, बसल्या बसल्या पाय कसा मोडला?

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. मोडलाय. प्लास्टर घालून काका परत घेऊन आले.

आणि मोडल्यावरही थांबेना. मोडलेल्या पायावर कोणीतरी सगळं वजन टाकत होतं. एक पाऊल. परत. परत. नऊ वाजेपर्यंत.

तो थांबला नाही. त्याला कळलंसुद्धा नसेल.

१८ मे, शनिवार

वहिनींचा फोन. आवाज बसलेला. म्हणाल्या, यांचा पाय वाकडा पडतोय. घोटा बाहेर वळलाय, बुटात मावत नाही, आणि हे शीळ घालत चालतात. हात लावला तर म्हणतात सोड. काल जेवले नाहीत, बसलेच नाहीत. मी दमले, मी खाली गावात थांबले तर हे पुढे गेले. एकटेच. फोन लागत नाही.

मग हळू विचारलं, तिकडे तू बरा आहेस ना?

मी सांगितलं. मोडलेलं तिकडे दिसतं, दुखतं फक्त इकडे. म्हणाल्या, मला माहीत नव्हतं रे. मग म्हणाल्या, मी शोधते त्यांना, तुझ्यासाठी पण शोधते. वहिनींवर रागवायचं होतं, जमलं नाही. सगळा राग एकाच माणसाला लागतोय.

१९ मे

दिवसा-रात्रीचा हिशोब गेला. नऊला थांबत नाही आता. तो झोपत नाही.

बाहेर बेचाळीस डिग्री, मावशी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलीय. माझी बोटं पांढरी. दात वाजतात. दोन गोधड्या घातल्या. जिभेवर पावसाची चव. तिकडे पाऊस असणार.

दुपारी काका माझ्याजवळ बसले, दार लावलं. म्हणाले एक वाट आहे. बदली माणूस दुसरी बदली लावू शकतो. माझ्या खांद्यावर हात ठेव, तुझी मावशी ऐकेल. माझे पाय असेही संपलेत.

त्यांनी खांदा पुढे केला. खरंच पुढे केला.

मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात मोठ्या माणसावर असा ओरडलो नव्हतो. तुम्हाला जन्मभर याच्या बापाशेजारी उभं राहून पुरलं नाही का म्हटलं. मग रडलो. हात दोन्ही पोटाखाली दाबून झोपलो. चुकून खांद्यावर जायला नको.

मला खूप वाटलं ठेवावा म्हणून. हे पण लिहितो. खूप वाटलं.

२० मे

वहिनी: शोधणारी माणसं निघालीत. धुकं आहे.

उजवा पाय पण गेला गुडघ्यात. नखं काळी.

मावशी भरवते, पोटात राहत नाही. दम पुरत नाही. चढ आहे. चढच आहे नुसता—

थांब ना रे. एकदा खाली बस. एक मिनिट. माणसासारखा बस.

२१ मे, दुपार

दिसला! वहिनींचा फोन चालू आहे, मावशीने माझ्या कानाला लावून धरलाय. मी लिहितोय, लिहिलं की शुद्ध राहते. धुकं उघडलं, ती माणसं दुर्बिणीतून बघतायत. धारेवर आहे. दोन्ही बाजूंना दरी. वहिनी ओरडतायत त्याच्या नावाने. सुटलास म्हणा, एवढंच म्हणा, लखन सुटला म्हणा—

वारा. ऐकू जात नाही.

त्याने हात हलवला म्हणे. हसतोय.

काका मला मागून धरून बसलेत. मी फरशीवर आहे. खाली लूम चालू आहेत. फरशी घट्ट आहे, मी हाताने बघितली.

पायाखाली दगड. ओला. हलतोय.

त्याला कळत नाही. त्याला पायच नाहीत, पाय माझ्याकडे आहेत, त्याला कसं कळेल दगड हलतोय. वहिनी, सांगा त्याला. मागे म्हणावं. मागे, अरे हरामखोरा, तुझ्यासाठी नाही सांगत, मागे घे, डावा उचलू नको, उजव्याखाली काही ना