सायीचा लेप आणि माझा प्रबंध

मी, श्रीमती प्रमिला गोरख निघोट, वय वर्षे ६२, निवृत्त प्राध्यापिका, राहणार मंचर, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे त्यात म्हटले आहे. ती आयुष्यभर शाबूतच होती. म्हणून पुढे लिहिलेल्या गोष्टींबद्दल मला कसलीही सवलत मागता येत नाही.

१. १९९९ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात थोरली मुलगी आरती हिला काहीही ठेवले नव्हते आणि कारण दिले होते, "स्वमर्जीने घर सोडून गेली." ते खोटे होते. तिला या घरात राहवेल असे मी काही ठेवले नव्हते.

२. माझे पती गोरख २००४ साली वारले. मला दोन मुली आहेत. आरती, वय ३३, अविवाहित, पुण्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. श्रेया, वय २८, खोडदला दिलेली, तिला एक मुलगी. मुलगा नाही, म्हणून कोणा पुतण्याने पुढे येऊ नये.

३. माझ्या एम.फिल.च्या प्रबंधाविषयी. १९९३ ते १९९६ या काळात मी केनियाच्या लेखिका वांबुई गाथेरू यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद, वंश आणि सांस्कृतिक अस्मिता या विषयावर तो लिहिला. त्यांच्या एका कादंबरीत मिशनच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला तिची मावशी रोज गोरे करणारा साबण घासते. त्या मावशीवर मी एकतीस पाने लिहिली. "साबण साहेबाने दिला, पण घासणारा हात तिचा स्वतःचा आहे," अशा अर्थाचे त्यातले वाक्य तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवले होते.

त्याच तीन वर्षांत रोज सकाळी मी आरतीला सायीत हळद आणि डाळीचे पीठ कालवून लावत होते. ती कॉलेजात जाणारी मुलगी. लेप वाळला की मी तो खरडून काढी.

"आई, आग होतेय."

"सोस थोडी. लग्नाला उपयोगी पडेल."

हे मला दिसत नव्हते असे लिहिणे सोपे आहे. दिसत होते. ते आफ्रिकेतले आणि हे आपल्या घरातले, अशी मी वाटणी केली होती.

पुण्याच्या एका प्रकाशकाने २००५ साली हा प्रबंध मराठीत मागितला. मी नाही म्हटले. माझ्या पश्चातही तो छापू नये. छापायचाच झाला, तर हे कलम त्याच्या पहिल्या पानावर घालावे.

४. लेखिकाबाईंना मी १९९५ साली पत्र पाठवले होते. सहा महिन्यांनी त्यांचे उत्तर आले. आभार मानून शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : तुमच्याकडे सावळ्या मुलीला घरात काय म्हणतात? मी उत्तर दिले नाही. माझे इंग्रजी कमी पडले, असे तेव्हा मनाला सांगितले. ते पत्र, माझी सगळी पुस्तके आणि कपाट मी शिकवत होते त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावे.

५. मे १९९८ मधला एक रविवार इथे नोंदवते, कारण पुढची वाटणी त्यावरून ठरली आहे.

खोडदहून पाहुणे आरतीला पाहायला आले होते. फोटो जुन्नरला काढला होता आणि "जरा उजळ करून द्या" असे फोटोवाल्याला मीच सांगितले होते. मुलाचे चुलते सोमाजी यांनी खिशातून तो फोटो काढून पोह्यांची ताटली घेऊन उभ्या असलेल्या आरतीच्या तोंडाशेजारी धरला.

"बाई, फोटूतली पोरगी ही न्हाई."

तेवढ्यात श्रेया पाणी घेऊन आली.

"अन् ही कोन?"

"धाकटी," मी म्हणाले. "बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे."

"ही लई उजळ हाय की. आमाला ही चालंल."

गोरखनी माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेली मी, म्हणून असे निर्णय ते माझ्यावर सोडत. दोन्ही मुली तिथेच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मी म्हणाले, "चालेल."

त्या महिन्याअखेर श्रेयाचे लग्न झाले आणि कॉलेज सुटले. आरती लग्नात वाढायला होती. नंतर तिने कपाटातून माझा प्रबंध काढला, दोन दिवस वाचला आणि ओट्यावर आणून ठेवला.

"छान लिहिलंयस. त्या मावशीचं शेवटी काय होतं गं?"

"काही नाही. कादंबरी मुलीची आहे."

"बरंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती पुण्याला गेली. वडिलांच्या दहाव्याला आली तेवढीच, आणि त्याच दिवशी परतली.

६. मंचरचे राहते घर. हे मी निम्मे निम्मे करणार होते. तसे सांगायला गेल्या दिवाळीत आरतीला फोन केला. ती म्हणाली, "मला नको. श्रेयाच्या एकटीच्या नावावर कर. कोणाला न विचारता उघडता येईल असं एक दार तिला असू दे. आणि जिवंत आहेस तोवर तिच्याशी बोल. कागदावर माफी मागू नकोस."

मी खोडदला गेले. श्रेया ओसरीवर कांदे निवडत बसली होती. मी म्हणाले, "तुझ्यावर अन्याय केला मी."

तिचे हात थांबले नाहीत. "तू 'चालेल' म्हणालीस ना, तेव्हा मला आनंद झाला होता, आई. ताईला सोडून मला निवडलं म्हणून. एवढीशी होते मी. पण तो आनंद आठवला की ताईला फोन करायची अजून लाज वाटते."

नऊ वर्षे दोघी बहिणी बोलल्या नाहीत आणि मी समजत होते, राग माझ्यावर आहे.

हे मी आरतीला कळवले. ती म्हणाली, "तिचा नंबर दे." पुढे काय झाले ते मी विचारलेले नाही.

घर श्रेयाला एकटीला. जावई पप्पू स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांचे नाव उताऱ्यावर लागू नये.

७. अवसरी रस्त्याची दीड एकर जमीन दोघींना समान. आरतीने ही नको म्हटली तरी ठेवत आहे. तिला विनंती की भावकीच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करू नये. आमच्याकडे मुलींनी ती सही हसतमुखाने करायची असते. मी माझ्या भावांना १९८१ साली करून दिली आणि वर जेवणही वाढले.

८. सोमाजींवर माझा राग होता. त्यांच्या घरी मी चहासुद्धा घेतला नाही. तो राग आज सोडते. त्यांनी विचारले होते. हो म्हणणारी मी होते.

ठमाबाई माझ्याकडे तेहतीस वर्षे घरकामाला आहेत. त्या साक्षीदार असल्याने त्यांना इथे काही ठेवलेले नाही. शिलाई मशीन त्यांना याआधीच दिले आहे.

येथवर लिहून मी हे मृत्युपत्र दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. वकील चेतना ओसवाल, माझी जुनी विद्यार्थिनी, यांनी कायद्याने ठीक असल्याचे सांगितले. ठमाबाईंनी अंगठा पुढे केला नाही.

"बाई, फोटूचं लिवलं, पावन्यांचं लिवलं. पर पोरीला पैल्यांदा काळी कुनी म्हनलं, त्ये नाय लिवलं."

"कोणी?" मी विचारले.

"मी व्हते की तितं. मीच पोर तुमच्या हातात दिली."

चेतनाने पेन माझ्यापुढे सरकवले.

९. हे कलम मागाहून, साक्षीदारांसमक्ष लिहिले. आरती २ ऑगस्ट १९७४ रोजी दुपारी जन्मली. ठमाबाईंनी तिला पुसून माझ्याजवळ दिली. तिच्याकडे पाहून माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "काळीच झाली गं." बारशाला बारा दिवस होते. त्याआधीच मी माझ्या मुलीला नाव ठेवले.

वरील सर्व मजकूर माझा आहे. तो वाचून, ऐकवून आणि कबूल करून खाली सही केली.

प्रमिला गोरख निघोट

साक्षीदार :
१. ॲड. चेतना पुखराज ओसवाल, मंचर (सही)
२. ठमाबाई भागू काळे, मंचर (डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

स्थळ : मंचर
दिनांक : १४ डिसेंबर २००७