भंडारा उचलून सांगायची किंमत

तुळजापूर,
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप धोंडप्पा दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, महालिंगप्पाचा, तुळजापुराहून शरणार्थ. अक्काच्या पायांवर डोकं ठेवलंय असं समजावं.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्का फोनवर म्हणाली की कळंबच्या डॉक्टरनं जिना बंद केलाय आणि तुम्ही तरी दिवसातून चारदा दुकानाच्या माळ्यावर चढताय. चढू नका. (एकदाच चढायचंय, ते कशासाठी ते पुढं लिहितो.) आमच्याकडं सगळे बरे आहेत, फक्त मी बरा नाही. आठ दिवस झाले, अन्न गोड लागत नाही, दुकानात कुणी मागून हाक मारली तर हातातला पाना खाली पडतो. बायको म्हणते पित्त झालंय, आणि सकाळ-संध्याकाळ कोकमाचं पाणी पाजते. पित्त न्हाय दाजी, भीती आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून गिऱ्हाइकाला दोऱ्याची रिळं दाखवत बसता, आणि हा मामला गिऱ्हाइकानं ऐकण्यासारखा नाही. म्हणून पत्र.

येरमाळ्याचे लिंबाजीराव, आपल्या जुन्या ओळखीचे, तुमच्या ध्यानात असतीलच. त्यांची हर्षाली अणदूरच्या कृष्णराजला दिलीय, दोघं इथं तुळजापुरात राहतात. सात वर्षांपूर्वी आपण तिला ते एम्ब्रॉयडरीचं मोठं मशीन दिलं. (दिलं म्हणजे विकलं, आणि आपण म्हणजे तुम्ही आणि मी, हे तुम्ही विसरला असाल तर आता आठवा.) सोलापूरचा एक कारखाना बंद पडला होता, तिथून ते मी एक लाख दहा हजाराला उचललं, चांगलं सात-आठ वर्षं राबलेलं. रंग मी दिला, प्लास्टिक मी गुंडाळलं, आणि तुम्ही कळंबच्या दुकानाची पावती फाडली, ‘नवीन’ असं ठसठशीत लिहून, दोन लाख वीस हजार. निम्मे लिंबाजीरावांनी दिले, निम्मे कृष्णराजनं. नफा आपण बरोबर अर्धा अर्धा वाटून घेतला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. धंद्यात होतं असं, म्हणून मी त्या पैशांतून पुढच्या खोलीवर पत्रे टाकले आणि विषय विसरलो.

आता त्या दोघांची फारकत होतेय. भांडून न्हाय, दोघांच्या राजीखुशीनं. वकिलानं घरातल्या सामानाची यादी केली. कपाट, फ्रिज, सोनं, गॅसची शेगडी, सगळं तासाभरात वाटून झालं. मशीन राहिलं. दोघांचे पैसे सारखे, म्हणून ज्यानं मशीन घ्यायचं त्यानं दुसऱ्याला आजच्या किमतीच्या निम्मे द्यायचे असं ठरलं. पण आजची किंमत किती? दोघं एकदमच म्हणाली, अप्पा मिस्त्रीला विचारा. गेल्या दोन वर्षांत त्या नवरा-बायकोचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं ती गोष्ट मी आहे, आणि हे मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पायरीवरच बसलो.

वकिलाचा हिशोब सोपा होता. सात वर्षं झाली, निम्मी किंमत धरा, एक लाख दहा हजार लिहा, मिटवा. मी लगेच हो म्हणालो. पण कृष्णराजचे वडील अणदूरहून आले होते. शेतकरी माणूस, आयुष्यभर बैलबाजार केलेला. ते म्हणाले, कागदावरची किंमत आम्हाला नको, बाजार काय देतो ते मिस्त्रीनं काढून आणावं. मग मी बाजार काढायला निघालो. सोलापूरच्या एका जुन्या मशीनवाल्याला फोन केला, त्यानं पहिलंच विचारलं, कोणत्या सालचं? खरं साल मी इतक्या हळू आवाजात सांगितलं की त्याला तीनदा विचारावं लागलं. ऐकल्यावर तो हसला. चालू असेल तर पस्तीस हजार, म्हणाला, नसेल तर वजनावर. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर बायकोच्या नावानं जाहिरात टाकली, मशीनचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होताच. म्हटलं, लोक किती बोली लावतात ते तरी बघू. वीस मिनिटांत पहिला मेसेज आला. ‘हे मशीन माझ्या घरात आहे. तुम्ही कोण?’ खाली नाव कृष्णराजचं. (तोही बिचारा बाजारच काढत बसला होता.) मी जाहिरात काढायला गेलो तर घाबरून ‘विकले गेले’ वर बोट पडलं. तो दहाव्या मिनिटाला दुकानात हजर. जाहिरात फक्त बाजार बघायला टाकली होती, हे त्याला पटवता पटवता मला घाम फुटला.

या भानगडीनं त्याच्या वडिलांना संशय आला की मिस्त्री मुलीच्या बाजूचा आहे. आणि मग ते जे बोलले त्यानं माझी झोप गेली. शुक्रवारी वकिलाच्या ऑफिसात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, मिस्त्रीनं हातात खंडोबाचा बेलभंडारा घ्यायचा आणि किंमत सांगायची. ती एकदा सांगितली की पुढं कुणी ब्र काढायचा नाही. वकील म्हणाला की कायद्यात असलं काही बसत नाही. मग थोडा विचार करून म्हणाला, पण मिटत असेल तर माझी हरकत नाही. भंडारा त्यांनी अणदूरच्या देवळातून सोबतच आणला होता, धोतराच्या सोग्यात बांधून. त्यांनी तो मला दाखवलासुद्धा.

दाजी, तुम्ही म्हणाल की एवढं काय भ्यायचं. आपलं कुलदैवत आहे ते. आपल्या घरची एकही नवी जोडी तिथं गेल्याशिवाय संसाराला लागलेली नाही. आणि आमच्या गल्लीत एकानं बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला होता, तिसऱ्या दिवशी त्याची म्हैस गेली. तुम्ही म्हणाल म्हैस म्हातारी होती. होती. पण मीही आता बासष्टचा आहे. बरं, खरं सांगावं, पस्तीस हजार म्हणावं, तर लगेच विचारतील की दोन लाख वीसचं नवं मशीन सात वर्षांत पस्तीसवर आलं कसं, आणि मग साल निघेल, पावती निघेल, तुम्ही निघाल, मी निघेन. चाळीस वर्षं या गावात मिस्त्री म्हणून मान आहे. बसस्टँडपासून देवळापर्यंत ज्या घरात शिलाई मशीन आहे त्या घरात मला चहा मिळतो. तो सगळा चहा बंद.

पण खरी भीती यातली कोणतीच नाही, ती सोमवारी सुरू झाली. मशीन तपासायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. कृष्णराज पाणी आणायला आत गेला. हर्षालीनं मशीन चालू केलं, स्क्रीनवर डिझाइनांची यादी लावली आणि खाली खाली सरकवत नेली. शेवटी एक लग्नाचं डिझाइन होतं, मधे दोन नावं, चि. ईरण्णा आणि कुणीतरी चि. सौ. कां., खाली तारीख सन दोन हजार अकराची. हळू आवाजात म्हणाली, “अप्पा, नव्या मशीनमध्ये कुणी लोकांची लग्नं भरून पाठवतं का?” मी उगीच बॉबिन केस काढून पुसायला लागलो. ती म्हणाली, मशीन घरात आल्यावर तिला आठव्या दिवशीच कळलं होतं. बोलली असती तर सासरचे म्हणाले असते की तुझ्या बापानं आणि बापाच्या माणसानं मिळून आमचे पैसे बुडवले. म्हणून गप्प बसली. सात वर्षं. तेवढ्यात कृष्णराज पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिनं स्क्रीन बंद केली.

तिनं काही मागितलं नाही दाजी. काही मागितलं असतं, दम दिला असता, तर मला इतकी भीती वाटली नसती. घरी येऊन आठवायला लागलो. नवरीचा ब्लाऊज हळदीच्या दिवशी द्यायचा आणि मशीन आदल्या दिवशी बंद, असं किती वेळा झालं. कृष्णराज म्हणायचा, तुला यातलं काही येत नाही, उगीच एवढे पैसे घातले. ती म्हणायची नाही की मशीनच जुनं आहे. गिऱ्हाईक ओरडून जायचं, मग ती दोघं एकमेकांवर ओरडायची, मग मला फोन यायचा. मी पाना घेऊन जायचो, दोघांची तोंडं दोन दिशेला बघायचो, बॉबिन केस काढून फुंकर मारायचो आणि सहाशे रुपये घ्यायचो. (दर वेळी. चहा वेगळा.) फारकतीला आणखी शंभर कारणं असतील, ती मला माहीत नाहीत. हे एक मात्र मीच रंग देऊन त्यांच्या घरात नेऊन ठेवलं. मला लाज वाटते, हे मी बायकोलाही बोललो नाही.

तर आता विनंती. तुमच्या माळ्यावर २०१८ सालची पावतीपुस्तकं असतील. त्यातल्या आपल्या पावतीची कार्बनची प्रत तेवढी काढून चुलीत घाला. कुणी विचारलं तर उंदरांनी खाल्ली म्हणा. जिना सांभाळून चढा, कठड्याला धरून. अक्काला यातलं काही कळू देऊ नका, ती मला आईच्या जागी आहे आणि तिचा हात अजून भारी आहे.

आपला,
महालिंगप्पा

ता. क. हे पत्र आज टाकलं तर तुम्हाला सोमवारी मिळणार आणि बैठक उद्याच आहे, हे सही केल्यावर लक्षात आलं. भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही. तरी टाकून ठेवतो.

ता. क. दुसरा. शनिवार. पत्र टाकलं नव्हतं, खिशातच राहिलं. काल बैठक झाली. लिंबाजीराव आले होते, त्यांनी सगळ्यांच्या आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी केली, त्यामुळं मी अर्धा तिथंच खचलो. कृष्णराजच्या वडिलांनी माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा. तो इतका ओतला की वकिलाचे कागद पिवळे झाले. हर्षाली जमिनीकडं बघत होती. पस्तीस म्हणायला तोंड उघडलं आणि लिंबाजीराव दिसले, त्यांची मान त्या माणसांसमोर खाली गेलेली दिसली. मग तोंडातून एक लाख दहा हजार बाहेर पडलं. बाहेर पडल्यावर ध्यानात आलं, भंडारा हातातच होता. कृष्णराज म्हणाला, “अप्पा, या किमतीला बाजारात घेणार कोण?” मी म्हणालो, “मी.” खोटं बोललो नाही म्हणजे झालं. कुणी घ्यायला तयार असलं की किंमत खरीच असते. वकिलानं कुणाला विचार करायला वेळ मिळायच्या आत ते लिहून टाकलं. पंचावन्न तिला, पंचावन्न त्याला. ठेव मोडून आज सकाळी दिले. आपण सात वर्षांपूर्वी वाटून घेतले तेवढेच, म्हणून तुमच्या वाट्याचे पंचावन्न हजार येत्या आठ दिवसांत पाठवा. यात घासाघीस करू नका. पावती जाळू नका, जाळून आता काही उपयोग नाही. अक्काला मीच फोन करून सगळं सांगितलंय, पत्र मिळेपर्यंत ती तुमच्याशी बोलली असेलच.

ता. क. तिसरा. मशीन टेम्पोत चढवताना हर्षाली खाली रस्त्यापर्यंत आली. ती येरमाळ्याला जातेय, तिथं हातानं आरीवर्कचं भरतकाम करणार म्हणाली. मला वाटलं आता चार शब्द सुनावेल, मी ऐकायची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, “अप्पा, चौथ्या सुईचा दोरा दर अर्ध्या तासाला तुटतो. फ्रेम डावीकडं जरा सरकते. दमट हवेत स्क्रीन दोनदा बंद-चालू करावी लागते. घेणाऱ्याला आधी सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.” मी व्हय म्हणालो आणि दुकानात आल्यावर ते सगळं कागदावर लिहून मशीनच्या तोंडावरच चिकटवलं. आता हे विकायचं कसं, याची भीती आहे. तुमच्याकडं कुणी गिऱ्हाईक असेल तर पाठवा, पस्तीसला देतो, तीसलाही देईन. फक्त तो कागद कुणी काढायचा नाही.