आत्याची पाठ

३ फेब्रुवारी २०२१, बुधवार

मुलगी झाली! धर्मेंद्रला मुलगी झाली! सकाळी फोन उचलला तर आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. मग म्हणाला, "ताई, पोरगी झाली. हर्षा चांगली आहे." गाढवा, हे आधी सांगायचं ना! नऊ वर्षं वाट पाहिली त्या दोघांनी. देव-देव झाले, दवाखाने झाले.

गॅलरीतून खाली इंदुताईंना ओरडून सांगितलं, "मी आत्या झाले!" घरमालकीण असल्या तरी माझ्याशी त्यांचं बोलणं हल्ली असंच, मान वर करून. "पेढे पाहिजेत!" म्हणाल्या. म्हटलं, देईन ना, दोरीने खाली सोडते.

४ फेब्रुवारी

बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे १४ तारखेला, रविवारी, कारंजालाच. हर्षाचं माहेर परतवाड्याला, पण या दिवसांत बाळंतपणाला तिकडे नेलंच नाही. सगळं आमच्या घरी, आईच्या हातून.

"तू नको येऊ ताई," धर्मेंद्र म्हणाला. "फोन स्पीकरवर टाकून पाळण्यात ठेवू. नाव तूच सांगजो. तुझा मान तुलेच."

मी म्हटलं, आणि धपाटे? फोनच्या पाठीत घालणार का?

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि सांगून होतं न होतं तोच बायका-पोरांनी तिच्या पाठीत धपाधप घालायचे. लहानपणी आमच्या आत्याला मी असा धपाटा घातला होता की ती पाळण्यावरच आडवी व्हायची राहिली. आता माझी पाळी आली तर फोन! नाही. मुळीच नाही.

५ फेब्रुवारी

अजून राग गेला नाही.

६ फेब्रुवारी

रागाच्या भरात काल काहीच धड लिहिलं नाही. आज शांतपणे लिहिते, म्हणजे मलाच कळेल मी वेडी आहे की नाही.

पाच वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. आईने तिची एक मला दिली. माझ्या शरीराने ती परकी समजून हाकलू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या. त्या गोळ्या प्रतिकारशक्तीला डोकं वर काढू देत नाहीत. म्हणजे माझ्या घराचा राखणदार मीच औषध देऊन झोपवलेला. अशात हा कोरोना आत शिरला तर त्याला अडवणार कोण? लस अजून आमच्यापर्यंत आलेली नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. मला समजावणाऱ्या प्रत्येकापेक्षा जास्त ठाऊक आहे!

मागच्या मार्चपासून मी नागपूरजवळच्या वाडी गावातल्या या खोलीत आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसने कॉम्प्युटर घरी पाठवून दिला, ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, इथूनच बनवते. खाली रात्रंदिवस ट्रक येतात, जातात. कोणी गुवाहाटीला, कोणी मदुराईला. मी कागदावर सगळा देश फिरते आणि स्वतः रक्त तपासायला दवाखान्यापर्यंत! दिवाळीला नाही गेले. धर्मेंद्रच्या घराची वास्तुशांत मोबाईलवर पाहिली. मोठ्या काकांचं मरणही मोबाईलवरच पाहिलं.

मला मूल नाही, होणारही नाही. लग्न मोडलं ते दुखण्यातच. बायको, आई, सासू यांतलं काही व्हायचं नाही मला. आत्या हे एकच व्हायचं होतं आणि तेही आता स्पीकरवर?

वेडी नाहीये मी.

८ फेब्रुवारी

दवाखान्याची तारीख होतीच. डॉ. सुमंतांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"सांगतेय."

"मग मी नाही म्हटलं काय नि हो म्हटलं काय!" हसले नाहीत मात्र. म्हणाले, तुम्हाला झाला तर तो साधा नसेल. किडनी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. अमरावतीकडे आकडे परत वाढताहेत. जायचंच असेल तर बस नको, बंद खोली नको, पंगतीत जेवण नको, मास्क पूर्ण वेळ, कोणी जवळ येता कामा नये. "आणि बारशात हे सगळं कसं जमवणार ते मला सांगा."

पण "जाऊ नका" असं काही ते म्हणाले नाहीत. मी त्याला परवानगी धरते.

९ फेब्रुवारी

आज इंदुताई जिना चढून दारापर्यंत आल्या. उपदेश करायला. "काहून जीव धोक्यात टाकून राहिली वं? पोरगी काय पळून चालली? पुढच्या वर्षी पाहजो ना."

कुठून आल्या होत्या? गांधीबागेतून! लुगड्यांचा गठ्ठा काखेत, मास्क हनुवटीवर, बाजार कसा खचाखच भरला होता याचं वर्णन तोंडभर. मी आतून दार ओढून घेतलं आणि फटीतून म्हटलं, "इंदुताई, तुम्ही आधी सहा फूट मागे व्हा, मग समजवा." रागावून गेल्या. संध्याकाळी माझाच पेढ्यांचा डबा दोरीला बांधून वर पाठवला. आत भाजलेले हरभरे होते.

१० फेब्रुवारी

हर्षाचा मेसेज. लांबलचक. "ताई, राग मानू नका. मला भीती वाटते. तुमच्यासाठी वाटते आणि खरं सांगते, बाळासाठी पण वाटते. बाहेरून कोणीही आलं की वाटते."

आधी लागलं मला. दोन तास फोन उलटा ठेवला. मग वाटलं, बरोबर आहे तिचं. नऊ वर्षांनी हातात आलेलं लेकरू. मी असते तर दारात काठी घेऊन बसले असते.

लिहिलं, "स्वॅब देऊन येते. निगेटिव्ह आला तरच निघेन. बाळाला हात लावणार नाही. नाव लांबूनच सांगेन." तिने एक हसरा चेहरा पाठवला आणि मागोमाग, "कान जवळ नको का मग?" हो की! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

बस नको, ट्रेन नको, टॅक्सीवाला दिवसभर कोणाकोणाला बसवतो देव जाणे. स्कूटी! माझी स्वतःची स्कूटी खाली गोदामाच्या भिंतीशी धूळ खात उभी आहे. वाडीतून निघालं की सरळ अमरावती रोड. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा. मोकळी हवा, डोक्यावर हेल्मेट, शेजारी कोणी नाही. याहून सुरक्षित काय असतं?

बॅटरी बसलेली. किक मारून मारून पिंढरी भरून आली, मग एकदाची फुरफुरली. गोंडखैरीपर्यंत जाऊन आले. हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्याने गात होते. एक ट्रकवाला मागून हॉर्न देत होता, देत राहा म्हटलं! वर्ष झालं असं वारं तोंडावर घेऊन.

धर्मेंद्रला सांगितलं तर ओरडला. "ताई, पागल झाली का तू? हायवेवर स्कूटी! कोरोनाने नाही तर ट्रकखाली जाशीन." मग म्हणाला, मी घ्यायला येतो. मी म्हटलं, बाळंतिणीला सोडून तू कुठेही यायचं नाही. फोन ठेवला त्याने. आपटला असावा, पण मोबाईलमध्ये ते कळत नाही.

१२ फेब्रुवारी

आईचा फोन. मी ऑफिसच्या कामातच होते. आईला फोनवर हळू बोलता येतच नाही, कारंजाहून आवाज असाच ऐकू आला असता.

"धर्मेंद्र सांगून राहिला, तू गाडीवर येतं म्हणून. खरं का?"

म्हटलं, खरं. तूही नाहीच म्हणणार ना?

"मी काहून नाही म्हणू? मी काय किडनी कपाटात ठेवायले देली होती का? ये. अंगणातच पाळणा बांधतो. आत जायचं कामच नाही. जेवण तुझं तू डब्यात आणजो. अन् बायांले मी सांगतो, कोणी तुले हात लावला तर माझ्याशी गाठ आहे."

मी फोन लांब धरून ओढणीने नाक पुसलं.

"रडून राहिली का वं गोपे? रडू नको. हळू येजो. ट्रकच्या मागं मागं नको राहू."

१३ फेब्रुवारी

स्वॅब निगेटिव्ह! हर्षाला फोटो पाठवला. तिचं उत्तर, "या."

१४ फेब्रुवारी, रविवार. रात्र

परत आले. धड आहे. हात अजून हँडल धरल्यासारखे वळलेत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

थंडीत निघाले. बाजारगावला ऊन वर आलं. कोंढाळीच्या पुढे रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग. थांबावंसं वाटलं, नाही थांबले. चहाच्या टपऱ्यांवर माणसं खेटून बसलेली, मास्क खिशात. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे. हेल्मेट, मास्क, त्यावर ओढणी, हातमोजे, दरोडा घालायला निघालेय असंच वाटलं असेल त्यांना.

अंगण शेणाने सारवलेलं. मधोमध पाळणा. हर्षा ओसरीवर, डोळे सुजलेले, हसत होती. धर्मेंद्र आधी रागाने पाहत राहिला, मग लांबूनच वाकून नमस्कार केला. लेकरू बघितलं. केवढंसं! नाक आमच्या घरचं नाही, बरं झालं. दोन मास्क लावून, श्वास धरून कानाशी गेले आणि नाव सांगितलं: नूपुर. तिने तोंड वाकडं केलं. मी तेवढ्यातच मागे सरले.

आणि तिथेच गडबड झाली. आईने सगळ्या बायांना शंभरदा बजावलं होतं, भिंतीजवळ उभ्या करून ठेवल्या होत्या. पण आत्याच्या तोंडून नाव निघालं की गप्प उभं राहायचं हे त्यांच्या हातांना कुठे माहीत? सगळ्या धावल्याच! त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. वीस-पंचवीस बाया, पोट्टेही मध्ये, हात उगारून, हसत. मी पाळण्याला अडकले, मागे जायला जागा नाही. खरं सांगते, घाबरले. दिवसभरात तेव्हाच.

तर आई मध्ये घुसली. माझ्याकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ, दोन्ही हात पसरलेले. "मले मारा! तिच्यात माझीच किडनी आहे, मंग पाठही माझीच समजा!" हशा पिकला आणि तिच्या पाठीत दणादण. सगळ्यांनी हौस फेडून घेतली. ती वाकली, हसत होती, लुगड्याचा पदर पडला, मास्क गळ्यात आला, कोणी तिला मिठी मारली, कोणी तोंडात साखर भरली. मला एक बोट लागलं नाही.

मी अंगणाच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली माझा डबा खाल्ला. आई पंगत वाढत लांबूनच ओरडत होती, "भाजी पुरली का वं?" इतकं चांगलं जेवण वर्षभरात जेवले नव्हते.

१७ फेब्रुवारी

ताप नाही. खोकला नाही. तोंडाला चव आहे. हरभरे खाऊन पाहिले.

२२ फेब्रुवारी

परत स्वॅब दिला होता. निगेटिव्ह! डॉ. सुमंतांना फोन करून ऐकवलं. "नशीबवान आहात," म्हणाले. नशीब कसलं? डोकं वापरलं मी. स्कूटी माझी, डबा माझा, धपाटे आईला. इंदुताईंनाही गॅलरीतून ओरडून सांगितलं. आता होळीलाही जाणार. आत्ताच सांगून ठेवते, कोणी अडवून दाखवावं!

२५ फेब्रुवारी

ताप आईला आहे. चार दिवस तिने तो कोणाला सांगितलाच नाही. आज श्वास पुरेना म्हणून धर्मेंद्र तिला नागपूरला घेऊन येतोय. एकच किडनी तर तिलाही आहे. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दवाखान्यात जायला निघालेच होते, तर गाडीतून तिचा फोन. पहिल्यांदा आवाज इतका हळू. "येऊ नको गोपे. माझ्या दोन्ही किडन्या एकाच दवाखान्यात नको. एक तरी बाहेर राहू दे."

स्कूटीची चावी इंदुताईंकडे देऊन आले. मी कितीही मागितली तरी देऊ नका म्हटलं.