पाच दिवस सोडून घर आमचं

शनि. १२ जुलै

संध्याकाळी पेडणेकर आले, आमचे घरमालक. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे. हा माणूस चहाला नाही म्हणत नाही. छताकडे बघत बोलले, "तुमका वायट वाटात, पण दिवाळीनंतर घर माका होया. झील होमस्टे करूचो म्हणता."

म्हणजे मुलाला होमस्टे काढायचाय. मी म्हटलं, एवढी वर्षं आम्ही... तर म्हणे, "ता खरा गो, पण आता टुरिस्ट..." पुढचं ऐकलं नाही. मालवणात राहायचं तर आता टुरिस्ट होऊनच यायला हवं.

आई आतून ऐकत होती. ते गेल्यावर एवढंच म्हणाली, "आता दुसऱ्या भाड्याच्या घरात माका न्हेव नको. माझा मढा मालकाक विचारून भायर काढतलंस?"

बाबा मास्तर, दर तीन-चार वर्षांनी बदली, हिचा सगळा संसार ट्रंकेत. गावचं घर चुलत्यांकडे. बाबा गेल्यावर इथे आलो ते इथेच. स्वतःचं दार हिला कधी मिळालंच नाही. मलाही नाही, पण माझं कोण विचारतंय.

सोम. १४ जुलै

शाळेत ऑफिसात बसून आकडेमोड. पीएफ, बँकेचं कर्ज, लहानसं घर विकत घेणं जमेल. मालवणात नाही, आत कुठेतरी. सावंतबाईंना सांगितलं. त्या बाजूच्या टेबलावर बसतात आणि जगातलं सगळं त्यांना माहीत असतं. "एजंटाच्या नादाक लागा नको. तो तुका घर दाखवचो नाय, घरवाल्याक तुका दाखवीत आणि भाव वाढवीत. बंद घरां बघ, शेजाऱ्यांक विचार, थेट मालकाक गाठ."

बोलायला सोपं.

रवि. २० जुलै

कट्टा गावाच्या बाजूला गेले. स्कूटी, रेनकोट, चिखल. पहिल्या घरी ओटीवर एक म्हातारे गृहस्थ सुपारी कातरत बसलेले. मी सरळ विचारलं, घर विकायचंय का. अडकित्ता थांबला.

"कित्याक? आमी मेलंव काय?"

आतून सगळं घर बाहेर आलं मला बघायला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या घरी बाई म्हणाली, "कोणी सांगल्यान तुका? आमच्या दिरानच सांगल्यान मां?" तिथे भांडण लावून आले. तिसऱ्या घरी गेलेच नाही, कुत्रा होता. कुत्रा बांधलेला होता, पण मला निमित्त पुरलं.

मंगळ. २२ जुलै

सावंतबाई हसून हसून लाल. मग शिकवणी. आधी पाणी मागायचं. मग यंदा फणस कसा धरला विचारायचं. मग सहज म्हणायचं, "हयसर वाडीत कोण घर देणारो आसा काय?" ज्या ओटीवर बसलीस त्या घराचं नाव काढायचं नाही. त्याला द्यायचं असलं तर तोच खाकरतो.

एवढं वय झालं, मला हे माहीत नव्हतं. घर मागायची वेळच आली नव्हती.

रवि. २७ जुलै

चौके गावात गेले. मिळालं.

मिळालं म्हणजे दिसलं. मोठ्या रस्त्यापासून आत, चिऱ्यांचं, तीन खोल्या आणि पुढे पडवी. विहीर हाताशी. एसटी थांबा आईलाही चालत जाता येईल इतका जवळ. कुलूप गंजलेलं. शेजारच्या कुंदावहिनींकडे पाणी, फणस, सगळं सावंतबाईंच्या शिकवणीप्रमाणे. "ता नाना परबांचा. डोंबिवलेक आसतत. चतुर्थेक येतत पाच दिस, मगे परत कुलूप." नंबर दिला आणि लगेच दार लोटत म्हणाल्या, माझा नाव सांगा नको.

परत येताना पाऊस थांबेपर्यंत त्याच पडवीत उभी राहिले. आईची खुर्ची कुठे येईल ते ठरवून टाकलं. वेडेपणा आहे. नको इतकं मनात भरवून घ्यायला.

बुध. ३० जुलै

मधल्या सुट्टीत नाना परबांना फोन लावला.

"तुका माझो नंबर कोणी दिल्यान? एजंट तर नाय मां?"

नाही म्हटलं. मग गाव कुठलं, कोणाची मुलगी. बाबांचं नाव सांगितल्यावर आवाज जरा खाली आला. बाबांनी त्यांच्या धाकट्या भावाला शिकवलं होतं म्हणे. "मास्तर मारूचे, पण बरे." विकणार की नाही ते मात्र बोलले नाहीत. "फोनार घराची गजाल करूची नाय. चतुर्थेक येतंव, तेवा तोंडार बोलूया."

नाही म्हणाले नाहीत! आईला सांगितलं. सांगायला नको होतं. लगेच विचारते, देवघर कुठल्या भिंतीला.

रवि. १० ऑगस्ट

आईचा हट्ट, म्हणून रिक्षा करून चौक्याला नेलं. पडवीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, वारो बरो येता.

अंगणात गुडघाभर रान माजलेलं. मला बघवेना. खराटा मागून आणला, झाडलं. मागच्या छपरावरचे कौलांचे नळे सरकून भिंतीवर ओघळ येत होता, ते कुंदावहिनींच्या नवऱ्याकडून बसवून घेतले. आई पिशवीतून अबोलीची रोपं घेऊन आली होती, मला न सांगता. विहिरीच्या कडेला लावली. म्हटलं, अगं घर अजून आपलं नाही. तर म्हणे, "फुलां कोणाचीय होवंदेत."

आज दोन घास जास्त जेवली.

गुरु. १४ ऑगस्ट

नानांचा फोन. कुणीतरी वाडीतून त्यांना कळवलेलं.

"माझ्या घराक हात लावचो अधिकार तुका कोणी दिलो? आज आंगण झाडतास, नळे घालतास, झाडां लावतास. उद्या वहिवाट दाखवून नाव लावतलंस!"

मी बोलायला गेले, ऐकेनात. त्यांच्या वडिलांनी म्हणे आंब्याची बाग एकाला नुसती राखायला दिली होती. त्यानं कूळ म्हणून नाव लावलं, बाग गेली, वडिलांच्या चपला कोर्टाच्या पायऱ्यांवर झिजल्या. "मास्तरांची चेडू म्हणान इस्वास ठेवलो." आणि फोन ठेवला.

शुक्र. १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला उभी होते, डोकं चौक्याला. याच मातीत जन्मले, मला कळायला नको? इथे रिकाम्या जागेत कुणी माड लावला तरी माणसं वकिलाकडे धावतात. त्यात आपण खराटा घेऊन घुसलो. नानांचा राग आला होता काल, आज फक्त स्वतःचा येतोय.

आईला सांगितलेलं नाही. ती अबोलीला पाणी कोण घालतं विचारते. म्हटलं, पाऊस.

मंगळ. १९ ऑगस्ट

पेडणेकरांचा मुलगा टेप घेऊन आला. प्रत्येक खोलीला बाथरूम काढणार. आई कॉटवर पडलेली, तर हा तिच्या उशाशी वाकून भिंत मोजतोय. "आजी, जरा पाय घेतास?" तिनं पाय घेतले. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही. दिवाळीपर्यंत त्याच्या घरात राहायचंय.

मग आईला सगळं सांगून टाकलं, नानांच्या फोनचंही. रडले. ती नाही रडली.

शुक्र. २९ ऑगस्ट

चतुर्थी परवा झाली. आज आई सकाळीच नेसून तयार. कुठे? चौक्याला. म्हटलं, ते हाकलून देतील. "गणपतीच्या पायां पडाक कोणाची परवानगी लागता?" चतुर्थीत कुणाचंही दार कुणालाही उघडं.

नाना ओटीवरच होते, उंच, बनियनवर. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "येवा," म्हणाले. तोंड मात्र तसंच.

आईनं गणपतीला नारळ ठेवला. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तिला पाटावर बसवून करंज्या दिल्या. खिडकीतून विहीर दिसत होती. अबोली उपटून टाकलेली, मुळं वर. आईनं पाहिलं. करंजी खात राहिली.

आरती झाल्यावर नानाच जवळ येऊन बसले. "त्या दिसा मी जरा जास्तच बोललंय." मग गणपतीकडे बघत. "झील म्हणतत इकून टाका. तेंका चतुर्थेक रजा गावना नाय. घर बंद ऱ्हवान मोडतला, ता माका दिसता. माणूस ऱ्हवलो तर टिकतला. पण ह्यो गणपती आज्यापासून हयच बसता. तो खंय न्हेव?"

म्हणून अट. घर आम्ही घ्यायचं, आम्ही राहायचं. चतुर्थीचे पाच दिवस त्यांचे. गणपती त्यांचा, नैवेद्य त्यांचा, चूल त्यांची. आम्ही घराबाहेर जायचं नाही, पण त्या दिवसांत घरचे ते.

आईकडे बघायची हिंमत झाली नाही. म्हटलं, विचार करून सांगते.

शनि. ३० ऑगस्ट

आईची एकच इच्छा होती. आपलं घर आणि त्यात आपला गणपती. बाबा असताना भाड्याच्या जागेत कधी बसवला नाही, चुलत्यांकडे जायचो, कोपऱ्यात उभं राहून आरती. एका घरात दोन गणपती बसत नाहीत. नानांचा बसला की हिचा कधीच नाही.

सकाळी भाजी निवडताना तीच म्हणाली, "तेंका होय म्हणान सांग. देव काय, तेंचो आणि माझो येगळो आसा? पाच दिस पावणी होवया. जल्मभर तर पावणीच होतंव."

ती हसत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी नानांना फोन केला, होय म्हटलं. म्हणाले, देवीला कौल लावून कळवतो, पितृपक्ष सरल्यावर.

मंगळ. ९ सप्टें.

पितृपक्ष लागला. आता कुणी घराचा शब्द काढणार नाही. वकिलाला विचारून आले. असली अट खरेदीखतात टिकणार नाही म्हणाला, शब्दावर चालवा. म्हणजे नानांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा, आणि मी त्यांच्या मुलांवर. सावंतबाई म्हणतात, सोड, दुसरं बघ. दुसरं कुठे आहे?

खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. आईला घर हवंय मरायला. मला हवंय ते ती गेल्यावर. पडवीत मी एकटी, आणि वर्षातून पाच दिवस दुसऱ्यांची माणसं. हे कुणाला सांगायचं.

पेडणेकरांनी पुन्हा विचारलं, जागा बगलास काय? बघतेय म्हटलं.

बुध. २४ सप्टें.

नानांचा फोन येतो का म्हणून दिवसभर मोबाइल हातात. चार वाजता आला.

देवीनं उजवा दिला. देवीची हरकत नाही. सावंतबाईंनी खूण केली, काय? मी मान हलवली, त्या टाळ्या वाजवायला लागल्या.

आणि मग नाना, अगदी हळू, "वायट वाटून घेव नको. तू लगीन करूक नाय. भाव नाय, भाचो नाय. तुझ्या माघारी ह्या घर कोणाकडे जातला? तो आमच्या गणपतीक दार उघडतलो?"

मी समोरची फाईल मिटली.

"घाई नाय. इचार करून सांग. दसऱ्याक मी येतंय, तेवा सांग. पण माका नाव होया. कोणाचा तरी नाव."

फोन ठेवल्यावर फाईल उघडून बसले, एक ओळ वाचली नाही. कोणाचं नाव सांगू? चुलत्यांच्या मुलांचं? ते मालवणात येऊन जातात, आमच्याकडे डोकावत नाहीत. सावंतबाईंचं? हसू आलं आणि लगेच रडू. इतकी वर्षं शाळेतल्या पोरांच्या दाखल्यांवर पालकांची, मास्तरांच्या पेन्शनच्या कागदांवर वारसांची नावं लिहिली. स्वतःच्या नावापुढे काय लिहायचं हा विचारच केला नव्हता.

घरी आले तर आई दारातच. "नाना काय म्हणाले?"

"देवीनं उजवा दिला."

तिनं हात जोडले. मग आत जाऊन देवघरातली समई काढली, चिंचेनं घासायला बसली. दसऱ्याला तिकडे नेऊ म्हणते. पुढचं मी तिला सांगितलेलं नाही.