बांधलेली चोच

१७ सप्टेंबर १९९४, पोर्ट-ओ-प्रिन्स

कोंबड्याची चोच आजही बांधलेलीच. दाणे टिपण्यापुरती आई सोडते, मग पुन्हा सुतळी. कोंबडा ही राष्ट्राध्यक्षांची निवडणुकीतली निशाणी. लष्कराने त्यांना हाकललं तेव्हापासून अंगणात कोंबडा आरवला तरी पोलीस दारात!

ओदनेलदादा त्यांच्या सभा भरवायचा. म्हणून घळीपलीकडे मावशीच्या माळ्यावर लपलाय. जाताना म्हणाला होता, "कोंबडा आरवला की समजेन, धोका टळला. केळी तळून ठेवा!"

१९ सप्टेंबर

आले! आभाळभर हेलिकॉप्टरं. रेडिओ म्हणतो, आपण निवडलेलं सरकार परत बसवायला परदेशी फौजा आल्यात. मी रडलेच. कॉलेजात लोकशाहीवर किती निबंध लिहिले — आज ती दारात!

आई म्हणाली, "पदवीधर बाई, पाहुणे नुसते उतरलेत. कुणाच्या घरी जेवतात ते बघू दे."

मी ऐकलं नाही. सुतळी कापली.

काय आरवला!

२० सप्टेंबर

दादा गेला.

२३ सप्टेंबर

लिहायलाच हवं.

दादा घरी आला, उभ्यानेच केळी खाल्ली, हिरवी डहाळी तोडून धक्क्याकडे निघाला — सैनिकांच्या स्वागताला. मीही. लोक गात होते. तेवढ्यात पोलीस काठ्या घेऊन घुसले. भुवई चिरलेल्या एकाने दादाला पाडलं आणि मारतच राहिला. परदेशी सैनिक कुंपणापलीकडे उभे. मी इंग्रजीत ओरडले — घरात मला एकटीलाच येतं ना! "थांबवा त्याला!"

एक जण म्हणाला, "बाई, आम्हाला तसा हुकूम नाही." रडत होता. बंदूक खांद्यावरच.

१५ ऑक्टोबर

राष्ट्राध्यक्ष परतले. गल्ल्या झाडल्या, भिंती रंगवल्या. घरोघर कोंबडे आरवताहेत. आईने आमच्याची चोच पुन्हा बांधली.

"आता कशाला?"

"तो आरवला की मी दाराकडे बघते."

३ नोव्हेंबर

परदेशी छावणीत दुभाषीचं काम मिळालं. आई म्हणाली, "जा. तुझं इंग्रजी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

२१ नोव्हेंबर

नव्या पोलिसांचा शपथविधी. परदेशी कॅप्टन इंग्रजीत एक वाक्य म्हणायचा, ते मी आमच्या भाषेत, मग सगळी रांग माझ्यामागून. "मी जनतेचं रक्षण करीन."

पुढच्या रांगेत चिरलेली भुवई. त्याने शब्द न् शब्द बरोबर म्हटला — माझ्यामागून.